मसाईंची जमीन गेली कशी? सभासदांची यादी कोणाच्या हातात होती ते बघा

प्रश्न असा होता की केनियातल्या मसाईंकडे, म्हंजे गुरं पाळणाऱ्या या जमातीकडे, सामूहिक मालकीचे कायदेशीर कागद होते, त्यांचेच खासदार आणि मंत्री होते, तरी इतकी जमीन हातची गेली कशी, नेत्यांनी विकली की लोकांना कळलंच नाही, आणि आता पुढे काय होऊ शकतं?

माझं उत्तर असं की दोन्ही थोडं थोडं खरं आहे पण मूळ कारण त्यात नाहीये. जमीन गेली ती सभासदांच्या यादीतून. यादीत नाव कोणाचं घालायचं, कोणाचं राहून जाऊ द्यायचं, आणि नंतर वाटपाच्या नकाशावर कोणाला कुठला तुकडा द्यायचा, हे ज्यांच्या हातात होतं त्यांच्या हातात सगळं होतं, तिथलं गावपातळीवरचं राजकारण म्हणजे मुख्यतः हेच. मी दक्षिण केनियातल्या काजियाडो आणि नारोक या भागात चराई नियोजन आणि जमीनहक्काच्या कामात बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी जुना भाग पटकन सांगते. 1904 साली इंग्रजांनी ओलोनाना आणि इतर मसाई पुढाऱ्यांबरोबर करार केला आणि रिफ्ट व्हॅलीतली उत्तम कुरणं, म्हंजे नवी रेल्वे जिथून जात होती तो पट्टा, गोऱ्या शेतकऱ्यांसाठी मोकळा करून घेतला. मसाईंना दोन राखीव भागात हलवलं, एक उत्तरेला लायकिपिया आणि एक दक्षिणेला. मसाई जमात अस्तित्वात आहे तोवर हा करार टिकेल असं त्यात लिहिलं होतं. 1911 मध्ये दुसरा करार करून लायकिपियाही काढून घेतलं आणि माणसं, गुरं, मेंढरं सगळं दक्षिणेला हाकललं. मसाई कोर्टात गेले, 1913 मध्ये निकाल लागला की हे करार म्हणजे दोन सत्तांमधला तह आहे, त्याच्यावर इथल्या कोर्टाला निर्णय देता येणार नाही, आणि दावा फेटाळला गेला. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की पुढे मसाई म्हाताऱ्यांनी जे जे निर्णय घेतले त्यांच्या मागे ही आठवण होती, जमिनीवर आपलं नाव पक्कं नसेल तर ती जाते, आणि एकदा गेली की परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट. 1950 आणि 60 च्या दशकात काजियाडोत काही शिकलेल्या, वजनदार मसाईंना वैयक्तिक रँच, म्हंजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनी, मिळाल्या, दोन-दोन हजार एकरांच्या वगैरे, आणि त्याही पाणी आणि गवत चांगलं असलेल्या जागी. बाकीचे लोक हे बघत होते. शिवाय स्वातंत्र्यानंतर डोंगराळ भागातले शेतकरी पायथ्याच्या पाणथळ जागांकडे सरकायला लागले होते. मग 1968 मध्ये सरकारने दोन कायदे आणले, एक जमिनीचे हक्क ठरवण्याचा आणि दुसरा ग्रुप रँचचा. एका भागातल्या लोकांनी मिळून एक गट करायचा, गटाच्या नावावर टायटल, म्हंजे मालकीचा कागद, घ्यायचं, तीन ते दहा प्रतिनिधी निवडायचे आणि कारभार करायचा. जागतिक बँक आणि इतर देणगीदारांची अपेक्षा अशी की लोक गुरांची संख्या मर्यादित ठेवतील, कर्ज काढून बोअर आणि गोचिडांसाठी डिप टँक बांधतील, बाजारासाठी बैल तयार करतील. मसाईंनी हे का मान्य केलं तर त्यांना त्या कागदाने जमीन वाचेल असं वाटलं म्हणून. गुरांच्या कोट्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं आणि तो कोटा जवळजवळ कुठेच पाळला गेला नाही. म्हंजे सरकारला हवा होता एक व्यवसाय आणि लोकांना हवं होतं एक कुंपण, दोघांनी एकाच कागदावर सही केली.

इथे मराठी वाचकाच्या डोक्यात लगेच गायरान येतं, तर तसं नाहीये बरं का. गायरान सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातलं असतं, लोकांना फक्त चारायचा हक्क. ग्रुप रँच ही नोंदवलेल्या सभासदांची खाजगी मालकी होती, फक्त अविभाजित. त्यामुळे सभासद नसलेला माणूस, मग तो पिढ्यानपिढ्या तिथे गुरं चारत असला तरी, कायद्याच्या नजरेत कोणीच नव्हता.

त्याआधी जमिनीचा ताबा कसा चालायचा तेही समजून घ्यायला हवं. मसाईंचे मोठे विभाग आहेत, त्याला ओलोशो म्हणतात, जसे पुर्को, किसोंगो, कापुतिए, मातापातो, लोडोकिलानी. त्याच्या आत एन्कुतोतो, म्हंजे वाडीवस्तीचा परिसर, आणि घराजवळ वासरांसाठी राखलेलं ओलोपोलोली. पावसाळ्यात कुठे जायचं, कोरड्या दिवसात कुठलं कुरण उघडायचं, हे वयगटांचे, म्हंजे एकाच काळात दीक्षा घेतलेल्या पुरुषांच्या गटांचे, म्हातारे आणि त्यांचे प्रवक्ते, ओलाइग्वेनानी, बैठकीत ठरवायचे. काजियाडोत पाऊस कमी आणि त्याहून वाईट म्हंजे तुकड्या-तुकड्यात पडतो, या टेकडीवर पडला तर दहा किलोमीटरवर टिपूस नाही, त्यामुळे जमिनीची किंमत एकरात नव्हतीच, किंमत होती ती दुष्काळात दुसरीकडे जायची वाट उघडी असण्यात. शेजारच्या विभागाकडे कळप घेऊन जायचं तर विचारायचं, आणि तो विचारला गेलेला माणूस नाही म्हणायचा नाही कारण पुढच्या वर्षी त्याला तुमच्याकडे यायचंय. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण भरवशाचं होतं.

ग्रुप रँचने या व्यवस्थेच्या मधोमध एक कमिटी आणून बसवली. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. सेक्रेटरी बहुतेकदा थोडा शिकलेला तरुण, कारण इंग्रजी फॉर्म भरायचे, जिल्ह्याच्या ऑफिसात जायचं, सर्व्हेयरशी बोलायचं. म्हाताऱ्यांचा मान गेला नाही, पण रजिस्टर सेक्रेटरीच्या घरी गेलं. दरवर्षी सभा घ्यायची असा नियम होता आणि किती ठिकाणी ती वर्षानुवर्षं झालीच नाही, तीच कमिटी दहा-दहा, वीस-वीस वर्षं चालू. मी बाहेरून येणाऱ्यांना नेहमी सांगते की रँचचा नकाशा नंतर बघा, आधी विचारा रजिस्टर कुठंय आणि शेवटचं कधी उघडलं गेलं.

त्या रजिस्टरमध्ये सुरुवातीला नावं होती ती कर्त्या पुरुषांची. बायका जवळजवळ नव्हत्याच, क्वचित एखादी विधवा. मग मुलं मोठी झाली, नवा वयगट तयार झाला, त्यांची नावं घालायची का? घातली तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो, नाही घातली तर पोरं चिडतात. काही रँचमध्ये यादी एकदम बंद केली, काही ठिकाणी कमिटीतल्यांच्या पोरांची नावं गेली आणि बाकीच्यांना पुढच्या सभेत बघू म्हणून सांगितलं, काही ठिकाणी तर बाहेरच्या मित्रांची, अधिकाऱ्यांची, राजकारण्यांची नावंही शिरली. जुन्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर मधेच अशी नावं दिसतात की त्या वस्तीतल्या कोणालाच ती ओळखीची वाटत नाहीत. आणि पाहिजे तेव्हा गायब होणारी नावंही असतात. एका विधवेचं प्रकरण माझ्या नेहमी लक्षात राहिलंय, नवरा वारला तेव्हा यादी अंतिम होत होती, दिराने सांगितलं मी बघतो, आणि वाटा दिराच्या नावावर लागला, तिला कळलं ते कुंपण घालायला माणसं आली तेव्हा.

हीच यादी 1980 च्या दशकात वाटपाची यादी झाली. काजियाडोत तेव्हा पन्नासच्या आसपास ग्रुप रँच होत्या आणि एकेकाने वाटपाचा, म्हंजे रँचचे तुकडे पाडून सभासदांच्या नावावर करायचा, ठराव करायला सुरुवात केली, राष्ट्राध्यक्ष मोईंच्या सरकारचाही त्याला पाठिंबा होता. लोकांना वाटप का हवं होतं? लोक हावरट झाले वगैरे म्हणणं मला पटत नाही. कमिटीने कर्ज काढलेलं, ते फेडायला रँचची जमीन विकतील ही भीती, आपल्या पोरांची नावं लागत नाहीत हा राग, श्रीमंतांचे हजार-हजार गुरांचे कळप सामायिक गवत खातायत आणि आपल्याकडे दहा गाई, मग आपला तुकडा तरी आपल्याकडे असू दे, हा विचार. म्हंजे कमिटीवरच्या अविश्वासामुळे लोकांनी वाटप मागितलं, आणि वाटप करायला दिलं त्याच कमिटीला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात दुखरी जागा ही आहे.

वाटपात समान एकर म्हंजे समान वाटा नव्हे हे तर शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही कळेल. झऱ्याजवळचे पन्नास एकर आणि खडकाळ माळावरचे पन्नास एकर कागदावर सारखेच. पण बऱ्याच ठिकाणी एकरही सारखे नव्हते. कमिटीतले, त्यांचे नातलग, मोठ्या कळपांचे मालक यांना मोठे तुकडे, तेही रस्त्याकडेला आणि पाण्याकडेला, आणि गरीब, विधवा, कमिटीशी भांडलेले यांना लांबचे. हरकत घ्यायची सोय होती, आधी अधिकाऱ्याकडे, मग मंत्र्यापर्यंत अपील, पण त्याला पैसे लागतात, नैरोबीला हेलपाटे लागतात आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच रँचचा नकाशा घेऊन बसलेला असतो. काही केसेस वीस-वीस वर्षं चालल्या, तोवर मधले तुकडे दोन-तीनदा विकून झालेले.

काजियाडोतच लोईतोकितोकच्या बाजूला किमाना ही ग्रुप रँच बघा. तिथे 1996 ला लोकांनी स्वतःचं वन्यजीव अभयारण्य सुरू केलं होतं, पुढे रँचचं वाटप झालं आणि प्रत्येकी साधारण 60 एकर आले, शिवाय दलदलीच्या कडेला ओलिताचे छोटे तुकडे. 60 एकर ऐकायला खूप वाटतात, आपल्याकडे 60 एकरवाला म्हंजे मोठा बागायतदार, पण त्या पावसात 60 एकरावर एका कुटुंबाचा कळप दुष्काळात जगत नाही. मग लोक एकमेकांच्या तुकड्यात गुरं सोडतात, ओळखीवर, नात्यावर, आणि ते चालतं जोवर मधल्या माणसाने जमीन विकलेली नाही आणि घेणाऱ्याने तार ओढलेली नाही.

विक्रीचंही तसंच. काजियाडो नैरोबीला लागून आहे. किटेंगेला, इसिन्या, ओंगाता रोंगाई, किसेरियन, न्गोंग, या पट्ट्यात आधी एकर विकले गेले मग एकराचे प्लॉट पडले. नैरोबी नॅशनल पार्कची दक्षिण बाजू उघडी होती, पावसात तिथून विल्डबीस्ट आणि झेब्रे कापुतिएच्या मैदानात यायचे, आता मधे घरं, कारखाने, कुंपणं. 2000 सालापासून काही वर्षं जमीन उघडी ठेवणाऱ्या घरांना एकरी वर्षाला चार डॉलर द्यायची योजना चालली, चांगली होती, शाळेच्या फीच्या वेळी पैसे यायचे, पण प्लॉटच्या भावापुढे चार डॉलर किती दिवस टिकणार. शेतजमीन विकायला लँड कंट्रोल बोर्डाची परवानगी लागते, 1967 चा कायदा आहे, प्रशासनाचा अधिकारी अध्यक्ष आणि गावातले काही सदस्य. खरं तर बोर्डाने तिथेच विचारायला हवं की बायकोला माहितीये का, पोरं कुठे राहणार. चांगला अधिकारी असला तर विचारायचा, बायकोला समोर बोलवायचा, आणि मी असे सौदे थांबलेले पाहिलेत. नाहीतर एका दुपारी ढीगभर अर्ज मंजूर. 2013 च्या कायद्याने जोडीदाराची संमती सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, पण मधल्या पंचवीस-तीस वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नारोककडे याचं वेगळं आणि जास्त भयंकर रूप दिसलं. मसाई माऊचं जंगल, मारा नदीचं पाणी जिथून येतं ते, नारोक काउंटी कौन्सिलच्या ताब्यात होतं. त्याला लागून ग्रुप रँच होत्या, त्यांची मोजणी झाली तेव्हा हद्दी जंगलात सरकल्या, आणि त्या वाढीव जमिनीचे तुकडे वजनदार लोकांच्या नावावर लागून पुढे बाहेरच्या शेतकऱ्यांना, बहुतेक शेजारच्या किपसिगिस जमातीतल्या कुटुंबांना, विकले गेले. त्यांनी पैसे मोजले, हातात कागद होते, घरं बांधली, मका लावला. मग 2005 मध्ये आणि परत 2018-19 मध्ये सरकारने त्यांना हुसकावलं. घरं जळाली ती विकत घेणाऱ्यांची. 2004 च्या न्डुंगू आयोगाने देशभरातल्या अशा बेकायदा वाटपांचा हिशोब मांडला होता, शिफारशी केल्या होत्या, त्यांची अंमलबजावणी फारच थोडी झाली. आणि प्रत्येक निवडणुकीला माऊ हा मुद्दा येतो, पण तो मसाई विरुद्ध किपसिगिस असा येतो, हद्द कोणी सरकवली असा येत नाही. बाहेरच्यांविरुद्ध बोलणं सोपं असतं कारण 1904 ची जखम खरी आहे, लोकांना ते लगेच भिडतं, आणि त्या आवाजात घरातल्या यादीचा प्रश्न मागे राहतो.

वन्यजीवांच्या पैशाकडे येऊ. आंबोसेली 1974 ला नॅशनल पार्क झालं, 392 चौरस किलोमीटर, आणि आतलं पाणी, जे किसोंगो मसाईंच्या कोरड्या दिवसांचा आधार होतं, ते बंद झालं. बदल्यात बाहेर पाइपलाइनने पाणी द्यायचं ठरलं होतं, ते नीट चाललं नाही. 2005 च्या सप्टेंबरमध्ये, घटनेवरच्या सार्वमताच्या दोन महिने आधी, सरकारने अचानक आंबोसेलीचा पार्कचा दर्जा काढून ते स्थानिक कौन्सिलला देऊन टाकायची घोषणा केली. लोकांना आनंद झाला आणि तो का झाला हे मला समजतं, पण टायमिंग बघा, मतं मागायच्या वेळी जमीन वाटायची. पुढे कोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला.

नारोकमधल्या मसाई मारा या वन्यजीव राखीव क्षेत्राचं उत्पन्न कौन्सिलकडे, 2013 पासून काउंटी सरकारकडे, म्हणून नारोकची गव्हर्नरची खुर्ची एवढी महत्त्वाची. आणि राखीव क्षेत्राच्या बाहेर कोयाकीसारख्या रँचचं वाटप झाल्यावर मालकांनी तुकडे परत एकत्र जोडून टुरिस्ट कॅम्पवाल्यांना लीजवर दिले, त्याला काँझर्व्हन्सी म्हणतात. ओल किन्येई 2005, ओलारे ओरोक 2006, मारा नॉर्थ 2009, नाबोइशो 2010. दर महिन्याला खात्यात ठरलेलं भाडं येतं, जमीन विकली जात नाही, कुंपण पडत नाही, मी याच्या बाजूने आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की भाडं येतं ज्याच्या नावावर तुकडा आहे त्याला, नाबोइशोत असे मालक पाचशेच्या आसपास होते. ज्याचं नाव मूळ यादीत नव्हतं, ज्याचा तुकडा लांब पडला, आणि बहुतेक सगळ्या बायका, त्यांच्या वाट्याला चराईची बंदी आली आणि भाडं आलं नाही. वाटपाच्या दिवशी झालेला अन्याय असा महिन्याच्या महिन्याला चालू राहतो.

सीमेपलीकडे टांझानियात टायटलचा प्रश्न असा नाहीच, सगळी जमीन राष्ट्राची, 1999 च्या कायद्याने गावाच्या जमिनीचा कारभार गावसभा आणि ग्रामपरिषद करते. तिथे ताबा म्हंजे गाव नोंदलेलं असणं. सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत 2022 च्या जूनमध्ये 1,500 चौरस किलोमीटर गावांच्या चराईतून काढून राखीव केले, हद्दीचे खांब रोवताना गोळीबार झाला, लोक जखमी झाले, एक पोलीस मारला गेला, कितीतरी कुटुंबं केनियात पळाली. न्गोरोंगोरोत 1959 ला सेरेंगेटी सोडताना मसाईंना राहायचा हक्क कबूल केलेला होता, आता त्यांना शेकडो किलोमीटरवर हांडेनीच्या म्सोमेरात स्वेच्छेने जा म्हणतात, आणि न्गोरोंगोरोतल्या शाळा-दवाखान्यांचा पैसा आटवत आणतात. ऑगस्ट 2024 मध्ये तर तिथले वॉर्ड आणि गावंच एका सरकारी सूचनेने रद्द केली, मतदार याद्या हलवल्या. हजारो लोक रस्त्यावर बसले, आणि अरुशाच्या हायकोर्टाने त्या सूचनेला स्थगिती दिली. जो स्वतःहून जात नाही त्याला जमीन सोडायला लावायची असेल तर आधी त्याचं गाव कागदावरून काढा, ही पद्धत मी केनियात इतकी उघड पाहिली नव्हती.

आता पुढे काय होऊ शकतं हेही विचारलं होतं. केनियात 2010 च्या घटनेत सामुदायिक जमिनीला स्वतंत्र कलम मिळालं आणि 2016 ला कायदा आला. उरलेल्या ग्रुप रँचना आता समुदाय म्हणून नव्याने नोंदणी करायची आहे. सगळे सज्ञान सभासद, लग्न होऊन आलेल्या बायकाही, सभेचा भाग, सात ते पंधरा जणांची कमिटी, आणि जमीन द्यायची-विकायची असेल तर नोंदलेल्या सज्ञान सभासदांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती. कायदा चांगला आहे. पण काजियाडोत बहुतेक रँच वाटून झाल्यावर तो आला, आणि आंबोसेलीभोवतीच्या मोठ्या राहिलेल्या रँचमध्येही मागच्या काही वर्षांत वाटप सुरू झालंय.

जिथे अजून वाटप व्हायचंय तिथे मी तीन गोष्टींचा आग्रह धरते. एक, यादी सभेत मोठ्याने वाचायची, एन्कुतोतोप्रमाणे, बायका हजर असताना, आणि नंतर झाडाखाली लावून ठेवायची म्हंजे शिकलेला पोरगा आजीला वाचून दाखवेल. विधवांची नावं आधी. दुसरं, तुकडे पाडायच्या आधी पाण्याच्या जागा, गुरांच्या वाटा आणि कोरड्या दिवसांची कुरणं नकाशावर बाजूला काढायची आणि ती समुदायाच्याच नावावर नोंदवायची, कारण 2009 चा आणि 2022 चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना त्या वाटा पाठ आहेत पण सर्व्हेयरला त्या दिसत नाहीत. तिसरं, चिठ्ठ्या टाकून तुकडे द्यायचे, आणि कमिटीने सगळ्यात शेवटी चिठ्ठी उचलायची. या तिसऱ्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं, कधी सभा उधळली जाते, कधी चेअरमन उठून जातो, पण जिथे म्हाताऱ्यांनी ठामपणे धरून ठेवलं तिथे ते झालंय.